ओचोकोची ढोरवाट

श्रीरंगकाकांना एक दगड हवा होता. तेवढ्यासाठी आम्ही आमच्या घरून, बेलव्ह्यूहून, दिवसभर गाडी हाकत ओरेगनच्या उंच वाळवंटात गेलो आणि जीव मुठीत धरून परत आलो. हे सांगायला लागले की लोकांना हसू येतं. हसा बापडे! त्या घळीत मी बसलेली नसते तर मीही हसलेच असते.

काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सिद्धेशचे, सख्खे काका. अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं. तिथल्या कपाटात एक कापलेला दगड होता, अर्धाच. बाहेरून सुकलेल्या बटाट्यासारखा, आतून मात्र गुळगुळीत, निळसर-पांढरी नक्षी असलेला. त्याला थंडरएग म्हणतात. ज्वालामुखीच्या राखेत पोकळी राहते, तिच्यात लाखो वर्षं गारगोटीचं पाणी झिरपत राहतं आणि असा दगड तयार होतो. काकांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना तो अर्धा तुकडा दाखवला आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, एक तरी आपल्या हाताने खणून काढायचा. रिटायर झाले, तो तुकडा कॉलेजातच राहिला आणि इच्छा मात्र त्यांच्याबरोबर घरी आली.

आता घाईचं कारण म्हणजे त्यांचे डोळे. नजरेच्या मधोमध धुकं साचलंय. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. त्यामुळे ते तुमच्याशी बोलताना मान वाकडी करून तुमच्या कानाकडे बघतात. कडेचंही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी तिकीट काढलं आणि थेट आमच्याकडे आले. लतिकाकाकू गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"यामिनी, दगड मिळो न मिळो. माणूस आहे तसा मला परत पाठव."

मी म्हटलं, काकू, काळजी कशाला करता, सिद्धेश आहे ना. त्यावर त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कारण सिद्धेश हे प्रकरण वेगळं आहे. एरवी सरळ माणूस. ऑफिस, मीटिंगा, रविवारी गाडी धुणं. पण पायात ट्रेकिंगचे बूट चढले की याच्या अंगात कॉलेजातला लीडर येतो. पुण्यात शिकताना याने सह्याद्री पालथा घातला होता आणि त्या भांडवलावर हा आजही जगातल्या कुठल्याही डोंगरात मान वर करून चालतो. चौथी आमची रुही. सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. शाळेच्या हायकिंग क्लबात आहे, पण घरात तिला त्यातलं कुणी काही विचारत नाही.

प्राइनव्हिल नावाच्या छोट्या गावात आम्ही मोटेल घेतलं. पहिल्या दिवशी काकांना रंगीत टेकड्या दाखवायला नेलं. लाल, पिवळ्या, काळ्या मातीचे पट्टे अंगावर घेऊन बसलेल्या त्या उघड्याबोडक्या टेकड्या! काका मान वाकडी करून एकेक पट्टा नजरेच्या कडेने पीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओचोकोच्या जंगलात गेलो. जंगल म्हटल्यावर तुम्हाला हिरवं गच्च काहीतरी डोळ्यांसमोर येईल, तर ते विसरा. उंचच उंच पाइनची झाडं, पण दूर दूर उभी. खाली वाळलेलं गवत, करडी सेजची झुडपं आणि पावलागणिक उडणारी भुरकट माती. उन्हात पाइनच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. हवा इतकी कोरडी की अर्ध्या तासात ओठ तडकतात.

थंडरएग खणायची जागा वनखात्याने लोकांना मोकळी ठेवली आहे. घरी न्यायला थोडे दगड कुणीही खणावेत. जिकडेतिकडे आधीच्या लोकांचे खड्डे होते. सिद्धेश कुदळ घेऊन भिडला आणि घामाघूम झाला, हाती काही नाही. काका मात्र एका खड्ड्यात फतकल मारून बसले, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी माती उकरायला लागले. बराच वेळ झाला. मग एकदम त्यांचे हात थांबले. मातीतून नारळाएवढा एक गोळा निघाला, त्याच्या शेजारीच एक छोटा. काकांनी मोठा पंच्याने पुसला, हुंगला आणि सरळ जीभ लावली! मी किंचाळलेच. भूगर्भवाले दगड चाटतात हे लग्नाला वीस वर्षं होऊन मला ठाऊक नव्हतं. माती असली तर जीभ चिकटते, गारगोटीला चिकटत नाही, असं त्यांनी समजावलं. बाहेरच्या कवचाला तर चिकटली, आत काय ते देव जाणे.

सिद्धेशने हातोडी उचलली तर काकांनी त्याचा हात धरला. या दगडावर घाव घालायचा नाही, करवतीनेच कापायचा, आतली नक्षी एकदा तडकली की गेली, हे ते जन्मभर वर्गात सांगत आले होते. प्राइनव्हिलमध्ये दगड कापून देणारं दुकान होतं. उद्या सकाळी तिथे जायचं ठरलं. काकांनी दोन्ही गोळे पंच्यात गुंडाळून आपल्या सॅकमध्ये ठेवले. तेवढ्यावर आम्ही मोटेलवर परतलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण लीडरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. जवळच डोंगराची एक धार आहे, तिच्या टोकावरून कॅस्केड पर्वतरांगेची बर्फाची शिखरं दिसतात, जाऊन येऊ, काकांना दाखवू, असं निघालं. पाण्याचा मोठा कॅन गाडीत राहिला. प्रत्येकाकडे एकेक बाटली, तीही अर्धी झालेली. दगडांची सॅक गाडीत ठेवा म्हटलं तर काका ऐकेनात. गाडी फोडून कुणी नेले तर, असं त्यांचं म्हणणं. जंगलात दगड चोरायला कोण येणार! पण त्यांच्या पाठीवरून ती सॅक काही उतरली नाही.

धारेवर पोचलो तेव्हा मात्र मी सगळं विसरले. पश्चिमेला ओळीने पांढरी शिखरं उभी होती आणि मधे मैलोन् मैल करडं, पिवळं, ओसाड पठार. घर नाही, धूर नाही, रस्ता नाही. एक काळा ढग पठारावर उभा होता आणि त्याच्यातून पाऊस खाली येत होता, करड्या पडद्यासारखा. पण तो जमिनीपर्यंत पोचतच नव्हता! अर्ध्यात येऊन हवेतच विरून जात होता. हवा इतकी तापलेली की थेंब वाटेतच सुकतात, असं काका म्हणाले. मला ते दृश्य आवडलं. फोटोही काढला.

फोटो काढून मी वळले तर रुहीचे केस उभे राहिले होते.

अगदी उभे! तिच्या हातातली काठी बारीक आवाजात गुणगुणत होती. ती ओरडली, "गेट डाउन, नाऊ!" आणि काकांचा हात धरून उताराला लागली. आम्ही मागे धावलो. आलो ती वाट धारेवरूनच होती, तिकडे जाणं शक्य नव्हतं. जी बाजू समोर आली तिकडे उतरलो. पाय घसरले, काटे ओरबाडले. मागे डोळे दिपवणारा उजेड झाला आणि त्याच क्षणी कानठळ्या बसल्या. वाटेवरचं एक मोठं पाइन उभं चिरलं होतं! त्याच्या सालीचे हातभर लांब तुकडे आमच्या डोक्यावरून गेले. आम्ही झुडपांत उकिडवे बसून राहिलो. पावसाचा एक थेंब नाही, नुसत्या विजा. रुहीने काकांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि माझे ओठ हलत होते, पण कुठलं स्तोत्र म्हणत होते ते मला आजही आठवत नाही.

वादळ पुढे सरकलं. वर पाहिलं तर त्या चिरलेल्या झाडातून धुराची बारीक रेघ निघत होती. चढ घसरड्या मातीचा होता आणि काकांचा श्वास लागला होता. तेवढ्यात सिद्धेशला खाली एक पायवाट दिसली. वाटेवर शेण, तेही ताजं. थोडं पुढे झाडाखाली पाच-सहा काळ्या गाई उभ्या, कानांत पिवळे बिल्ले.

झालं! आमच्या नवऱ्याचा चेहरा फुलला. ढोरवाट आहे, म्हणाला. सह्याद्रीत वाट चुकली की गुरांची वाट धरून उतरायचं, तासाभरात धनगरवाडा नाहीतर गाव लागतंच, हा त्याचा कितीतरी वेळा सिद्ध झालेला सिद्धांत. गाई आहेत म्हणजे गुराखी असणार आणि गुराखी म्हणजे वस्ती. मला पटलं. काकांना तर शंभर टक्के पटलं. आम्हा तिघांच्या डोक्यात गाय एकटी असूच शकत नाही. सिद्धेशने तोंडाभोवती हात धरून खाली हाक मारली, "ओ दादा!" मराठीतून. गाईंनी माना वर करून त्याच्याकडे पाहिलं.

रुही एकटी जागची हलली नाही. ती म्हणाली, "देअर्स नो वन हिअर, डॅड. दे जस्ट लीव्ह देम."

उन्हाळाभर गाई जंगलात सोडून देतात, कुणी राखत नाही, आणि वाट चुकली तर आहे तिथेच थांबायचं असतं, असं ती सांगत होती. आम्ही ऐकून घेतलं आणि निघालो. लेकराचं पुस्तकी ज्ञान! नाइलाजाने तीही मागून आली.

ढोरवाट उतरत गेली. मग तिला फाटे फुटले. मग प्रत्येक फाट्याला फाटे. सिद्धेश दर वेळी खालचा फाटा धरत होता. दोन्ही बाजूंचे उतार जवळ येत गेले, झाडं संपली, वर कातळ आणि खाली गोटे. बाटल्या रिकाम्या झाल्या. गाव तर सोडाच, माणसाने टाकलेला एक कागदाचा कपटा दिसत नव्हता. एके ठिकाणी पुरुषभर उंचीची कातळाची पायरी आली. गाई तिला वळसा घालून कुठून जात होत्या कोण जाणे. सिद्धेश उतरला, रुही उतरली, दोघांनी हात वर धरले. काकांनी मान वाकडी करून खाली पाहिलं. त्यांना काय दिसलं असेल, ते त्यांनाच माहीत. त्यांनी पाऊल टाकलं ते हवेत!

पडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. मी कशी उतरले मला कळलं नाही. त्यांचा उजवा पाय घोट्यापाशी भलतीकडेच वळला होता. ते ओरडले नाहीत. फक्त सॅक चाचपून बघितली आणि म्हणाले, दगड शाबूत आहेत.

काकांना त्या पायरीवरून वर चढवायचा आम्ही तिघांनी प्रयत्न केला. उंच माणूस, पाय टेकवता येत नाही. दुसऱ्या खेपेला त्यांची शुद्ध हरपायला आली तेव्हा आम्ही थांबलो. सिद्धेशच्या तोंडावरचा लीडर केव्हाच उतरला होता. तो भिंतीला टेकून नुसता बघत होता. मला त्याचा इतका राग आला होता की दया यायला जागाच नव्हती.

ठरवलं ते रुहीने. रेंज कुणाच्याच फोनला नव्हती. तिच्या फोनवरून उपग्रहाला संदेश जातो, पण त्याला उघडं आभाळ लागतं आणि बॅटरीही. दिवसभर व्हिडिओ काढून बॅटरी तळाला गेली होती आणि घळीतून आभाळाची नुसती चिंधी दिसत होती. बाप-लेकीने धारेवर जायचं. एकट्याने जायचं नाही हा तिचा नियम, आणि या वेळी बापाने तो मुकाट्याने मानला. मी काकांपाशी थांबायचं. जाताना तिने मला मिठी मारली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, इथून हलू नकोस."

मग ते दोघं पायरीवरून वर गेले आणि गोट्यांवरच्या पावलांचा आवाजही हळूहळू बंद झाला.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा हतबल झालेय. व्हिसाच्या खिडकीपाशी, आईच्या शेवटच्या दुखण्यात परदेशात बसून. पण त्या वेळी निदान फोन तरी करता येत होता. त्या घळीत मला काहीच करता येत नव्हतं. ऊन समोरच्या कातळावरून आमच्याकडे सरकत होतं. मी काकांवर ओढणी धरून उभी राहिले, हात भरून आले, बसले, पुन्हा उभी राहिले. त्यांचा घाम थांबला होता आणि कातडी तापली होती. हे वाईट लक्षण आहे एवढं कळत होतं, पुढचं काही कळत नव्हतं. वर आभाळाच्या त्या चिंधीत पुन्हा एक ढग आला. पुन्हा तो पाऊस! करडा पडदा खाली येत होता, येत होता आणि आमच्या डोक्यावर, हवेतच, संपत होता. मी तोंड उघडं टाकून वर बघत बसले होते. एक थेंब नाही. त्या ढगाला मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

काका मला लतिका म्हणायला लागले. आधी वाटलं थट्टा करताहेत. मग ते विचारायला लागले, लतिका, माठ भरलास का? मी भरला म्हटलं. मग दे ना, म्हणाले. मी रडले. काकूंना दिलेला शब्द सारखा कानात वाजत होता. आहे तसा माणूस! तो माणूस माझ्या मांडीवर सुकत चालला होता आणि मी ओढणीने वारा घालत होते.

तेवढ्यात गाई आल्या. घळीच्या बाजूच्या उतारावरून, एकामागे एक, शिस्तीत. आमच्याकडे ढुंकूनही न बघता खाली चालल्या. मला वाटलं, बघा, यांनाही आमचं काही नाही. काकांनी डोळे न उघडता विचारलं, काहून पळतात त्या? पळत नाहीत, चालताहेत, मी म्हटलं. त्यांनी खुरांच्या आवाजाकडे कान दिला. मग अगदी वर्गातल्यासारख्या स्वच्छ आवाजात बोलले.

"संध्याकाळ होतेय बाप्पा. त्या पाण्यावर चालल्यात."

मला हलू नकोस असं बजावलं होतं. हलले आणि काकांना काही झालं तर? हलले नाही आणि काही झालं तर? त्यांच्या डोक्याखाली सॅक सरकवली, पंचा घेतला, रिकाम्या बाटल्या घेतल्या आणि गाईंच्या मागे धावले. वळण घेतलं आणि समोर पाहते तर एक मोठी गोल पत्र्याची टाकी! कडेला एक पाइप आणि त्यातून करंगळीएवढी धार पडत होती. पाण्यावर शेवाळ, कडेला शेण, गाई माना घालून पिताहेत. मी एका गाईला ढकलून पाइपाखाली तोंड धरलं. मग बाटलीवर पंचा बांधला, पाणी गाळून घेतलं आणि धावत सुटले. टाकी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तेवढा वेळ आम्ही तिच्याशेजारी तहानेने मरत पडलो होतो.

काकांना घोट घोट पाजलं. डोकं भिजवलं, छाती भिजवली. बऱ्याच खेपा झाल्या. शेवटी त्यांनी मला नावाने हाक मारली, यामिनी, माझ्याच नावाने, आणि मी पुन्हा रडले. ते माझ्या खांद्यावर भार टाकून, एका पायावर, दर दोन उड्यांना थांबत टाकीपर्यंत आले. वेदनेने चेहरा पांढरा पडला होता, पण तिथे सावली होती.

आता पाणी होतं, माणूस मात्र नव्हता. ऊन वरच्या कातळावरून निघून गेलं. मी कितीतरी वेळ कान देऊन होते. आणि मग ऐकू आली! दूरवर, वरच्या अंगाला, सिद्धेशची ती ट्रेकची हाक. कूऽऽ! मी सगळा जीव एकवटून ओरडले. आवाज फाटला आणि कातळात अडकला. पुन्हा हाक आली, पण ती शेजारच्या घळीतून. तो चुकीच्या घळीत उतरत होता! वरून सगळ्या घळी सारख्या आणि सगळीकडे त्याच ढोरवाटा. मी ओरडत राहिले. हाक आणखी लांब गेली. मी ऐकतेय, त्याला ऐकू येत नाहीये आणि तो दर हाकेला लांब जातोय! अंधार पडला की ते दोघं शोध थांबवतील, रात्री इथे थंडी पडते, आणि काकांना ती रात्र झेपणार नाही हे मला दिसत होतं.

टाकी! मी एक गोटा उचलला आणि पत्र्यावर हाणला. गोट्याचा माझ्या हातात भुगा झाला. दुसरा, तिसरा. सगळी ज्वालामुखीच्या राखेची कच्ची माती, खडूसारखी. हाताने मारलं तर थप्प असा आवाज. मी इकडेतिकडे काहीतरी कठीण शोधत वेड्यासारखी फिरत होते. काका टाकीला टेकून बसले होते. त्यांनी सॅक मांडीवर ओढली, उघडली आणि नारळाएवढा तो गोळा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"हा घे. यासारखं कठीण इथे दुसरं काही नाही."

मी म्हटलं, काका, फुटेल तो.

"फुटू दे. पाण्याच्या वर मार, काठावर. तीन ठोके, मग थांब."

मी मारला. काय आवाज झाला! गाई उधळल्या. सगळी घळ घणघणली. तीन ठोके. थांबले. पुन्हा तीन. हाताची सालटी निघाली. पुन्हा. पत्र्याला पोचे पडले. हाक बंद झाली होती, आणि ती बंद होणं चांगलं की वाईट तेही मला कळत नव्हतं. पुन्हा तीन. तिसऱ्या ठोक्याला कड्‌कन आवाज झाला आणि दगडाची दोन शकलं झाली. एक पाण्यात पडलं, एक माझ्या हातात. मी काकांकडे पाहिलंच नाही. हातातल्या शकलाने मारत राहिले. तीन. थांब. तीन.

आणि अगदी जवळून, आमच्याच घळीच्या वरून, रुहीची शिट्टी आली. तीन वेळा!

तिच्यामागे सिद्धेश होता आणि त्याच्यामागे पिवळे शर्ट घातलेली वनखात्याची माणसं. रुहीचा फोन संदेश जाता जाता बंद पडला होता. पण विजेने चिरलेल्या झाडाचा धूर कुणालातरी दूरवरून दिसला आणि तो विझवायला ही माणसं धारेवर आली. बाप-लेक त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणजे आमच्यापैकी कुणाचीच अक्कल कामाला आली नाही, ज्या विजेने आम्हाला पळवलं तिनेच माणसं पाठवली. त्यांनी आणखी लोक बोलावले आणि एका चाकाचं स्ट्रेचर आणलं. काकांना बांधून वर न्यायला लागले तेव्हा आभाळात अजून थोडा उजेड होता. सिद्धेश काकांच्या पायाशी चालत होता. मग एका अवघड जागी माझा हात धरायला त्याने हात पुढे केला आणि मी तो धरला.

निघताना रुहीने पाण्यातलं शकल काढून सॅकमध्ये टाकलं. छोटा गोळा टाकीपाशीच पडला होता, तोही ती उचलायला लागली तर काकांनी थांबवलं. तो काठावर ठेव, म्हणाले, पुढच्याला लागेल. पाइपाशेजारी पत्र्याच्या काठावर तिने तो नीट बसवला.

प्राइनव्हिलच्या हॉस्पिटलमध्ये पायाला प्लास्टर घातलं. त्या पाण्याने पुढे आम्हा दोघांची पोटं आठवडाभर बिघडली, ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी काकांनी दोन्ही शकलं मागून घेतली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी एक शकल नजरेच्या कडेला धरलं आणि मान वाकडी करून खूप वेळ पाहिलं. आत दुधी निळा रंग होता, वेडावाकडा तडकलेला, मधोमध एक टवका उडालेला. मग त्यांनी त्याला जीभ लावली. नर्स दारातच थांबली. जीभ चिकटली नाही.

काकूंना फोन मलाच करावा लागला. आहे तसा नाही, प्लास्टरसकट येतोय, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, येतोय ना.

एक शकल रुहीच्या टेबलावर आहे. दुसरं अमरावतीला. काकांचं कडेचंही दिसणं आता बरंच गेलंय, पण भेटायला आलेल्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याच्या हातात ते शकल ठेवलं जातं. परवा व्हिडिओ कॉल चालू असताना एकाने विचारलं, सर, तुम्ही तर कापायचा म्हणून शिकवलंत, मग हा असा कसा फुटला? काका म्हणाले, "कापलेला नाही बाप्पा, हा वाजवलेला आहे." शकलाच्या कडेला अजून टाकीचा गंज लागलेला दिसत होता. काकू तो घासून काढणार होत्या, काकांनी काढू दिला नाही.